विचारा तर खरं! वॉशिंग्टनची कवळी, फिलाडेल्फियातली आंघोळ आणि कोर्टाने तपासलेली शरीरं

मागच्या अंकात आनंदीबाई जोशींच्या फिलाडेल्फियाबद्दल लिहिलं होतं, १८८६ मध्ये त्या जिथून डॉक्टर होऊन बाहेर पडल्या ते शहर. त्यात जाता जाता एक वाक्य टाकलं होतं की याच शहरात ९३ वर्षं आधी तापाच्या रोग्याचं रक्त काढून टाकणं हाच मोठा उपचार समजायचे. त्या एका वाक्यावर एवढे मेल आलेत की या महिन्याचा सगळा कॉलम त्यालाच द्यावा लागतोय. बहुतेकांचे प्रश्न साधारण १६०० ते १८०० च्या अमेरिकेतल्या माणसांच्या शरीराबद्दलच आहेत, म्हणजे दात, आंघोळ, देवी, मुडदे वगैरे. जेवताना वाचू नका.

माझा मुलगा इथे न्यू जर्सीत चौथीत आहे. त्याच्या टीचरने सांगितलं की जॉर्ज वॉशिंग्टनची कवळी लाकडाची होती. खरंच का? (एक आई, एडिसन)

लाकडाची नव्हती हो. ही गोष्ट अमेरिकेत पिढ्यान्पिढ्या चालत आलीय. त्याची कवळी पाणघोड्याच्या दाताची, माणसाच्या दातांची, शिशाची, सोन्याच्या तारांची अशी होती, आणि मागे स्प्रिंगा, म्हणजे तोंड मिटून ठेवायला जबडा दाबून धरावा लागायचा. हस्तिदंतासारखा तो माल वाइनने आणि वापराने पिवळा-तपकिरी पडतो, बारीक चिरा जातात, मग लाकडासारखा दिसतो. १७८९ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली तेव्हा बिचाऱ्याच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. एक डॉलरच्या नोटेवरचं चित्र बघा, गिल्बर्ट स्टुअर्टने १७९६ मध्ये काढलेलं, ओठांच्या आसपास कसं फुगल्यासारखं दिसतं, ती कवळीचीच कृपा.

पण तुमच्या मुलाला आणखी एक गोष्ट सांगा, म्हणजे चौथीत झेपेल असं वाटलं तर. माउंट व्हर्नन म्हणजे वॉशिंग्टनची इस्टेट, तिथल्या हिशेबाच्या वहीत मे १७८४ ची एक नोंद आहे, 'निग्रों'ना ९ दातांचे ६ पौंड २ शिलिंग दिले, दंतवैद्य ल मायर यांच्या खात्यावर. म्हणजे वॉशिंग्टनच्या इस्टेटीवरच्या गुलामांचे दात काढून विकत घेतले. ते दात नक्की कुणाच्या तोंडात बसले हे वहीत लिहिलेलं नाही, पण हा ल मायर जिवंत माणसाचे दात दुसऱ्याच्या हिरडीत बसवण्यासाठीच प्रसिद्ध होता. आता हिशेब करा. हाच डॉक्टर पेपरात जाहिरात द्यायचा की समोरचा चांगला दात द्या आणि दोन गिनी घ्या, म्हणजे ४२ शिलिंग. इकडे २० शिलिंगांचा एक पौंड धरून १२२ शिलिंगात ९ दात, म्हणजे एकाला साडेतेरा. ज्याला 'नाही' म्हणायची सोय नाही त्याचा भाव असा तिसऱ्या हिश्श्यावर येतो. पैसे दिले म्हणून कौतुक करणारेही लोक आहेत, मला ते पटत नाही.

मी वैद्य आहे. आमच्याकडे रक्तमोक्षण आहे, जळवा आहेत, पण त्याला नियम आहेत. तुम्ही सरसकट हसण्यावारी नेलंत. वॉशिंग्टनला डॉक्टरांनीच मारलं असं म्हणतात ते कितपत खरं? (इचलकरंजी)

वैद्यबुवा, हसले नव्हते, पण आता सगळं सविस्तर सांगते मग तुम्हीच ठरवा.

१२ डिसेंबर १७९९ ला ६७ वर्षांचा हा माणूस बर्फ, गारा, पाऊस अशा हवेत घोड्यावरून शेतं बघत फिरला आणि ओल्या कपड्यांनीच जेवायला बसला. दुसऱ्या दिवशी घसा धरला, तरी तोडायच्या झाडांवर खुणा करायला बाहेर गेलाच. १४ तारखेला पहाटे दोन-तीनच्या सुमारास मार्थाला उठवलं, बोलता येत नव्हतं, श्वास लागत होता. ती कुणाला तरी बोलवायला उठायला लागली तर तिलाच थंडी बाधेल म्हणून उजाडेपर्यंत उठू दिलं नाही. सकाळी डॉक्टर यायच्या आधीच त्याने शेतावरच्या मुकादमाला, रॉलिन्सला बोलावून दंडाची शीर उघडायला लावली. रॉलिन्सचे हात थरथरत होते, तर हाच त्याला म्हणतोय घाबरू नकोस. मार्था विनवत होती की जास्त काढू नका आणि हा म्हणतोय अजून काढा. म्हणजे डॉक्टरांवर सगळं ढकलायच्या आधी हे लक्षात घ्या की पेशंटचाच या उपचारावर गाढ विश्वास होता.

मग एकामागून एक तीन डॉक्टर आले, क्रेक, ब्राउन आणि डिक. दिवसभरात चार वेळा रक्त काढलं, एकूण साधारण ८० औंस, म्हणजे सव्वादोन लिटरच्या वर, अंगातल्या रक्ताच्या जवळपास ४० टक्के. वर घशावर फोड आणणारा लेप, एनिमा, पाऱ्याचं कॅलोमेल, ओकारीचं औषध. सकाळी काकवी, व्हिनेगर आणि लोणी एकत्र करून पाजायला गेले तर गिळताना गुदमरायची वेळ आली. तिघांत सगळ्यात तरुण होता डिक, तो म्हणत होता की आता रक्त काढू नका, त्यापेक्षा श्वासनलिकेला भोक पाडून वाट करून देऊ. वरिष्ठांनी ऐकलं नाही. रात्री दहा-अकराच्या मधे संपलं. आजचे डॉक्टर म्हणतात घशातली झाकणी सुजून श्वासाची वाट बंद झाली असणार, म्हणजे डिकचं बरोबर होतं. रक्त काढलं नसतं तरी कदाचित वाचला नसता, पण श्वासाला धडपडणाऱ्या माणसाचं ४० टक्के रक्त काढून काही भलं होत नाही एवढं तर तुम्हीही मान्य कराल.

जिवंत पुरलं जाण्याची त्याला धास्ती होती, म्हणून मरताना सेक्रेटरीकडून वचन घेतलं की तीन दिवस व्हायच्या आत थडग्यात ठेवू नका. आणि दुसऱ्या दिवशी थॉर्न्टन नावाचे डॉक्टर मित्र येऊन पोचले, त्यांची आयडिया अशी की गोठलेलं शरीर हळूहळू गरम करायचं, फुप्फुसात हवा भरायची आणि कोकराचं रक्त चढवायचं! घरच्यांनी नको म्हटलं ते बरंच झालं.

आता नियमांबद्दल म्हणाल तर नियम तिकडेही होते, पण फिलाडेल्फियाच्या डॉक्टर बेंजामिन रशने ते गुंडाळून ठेवले. १७९३ च्या पिवळ्या तापात सुमारे ५०,००० वस्तीतली ५,००० माणसं गेली. रशची ठाम समजूत की ताप म्हणजे रक्तवाहिन्यांवरचा ताण, तो उतरवायचा तर रक्त काढा आणि पाऱ्याने जुलाब करा. त्याने माणसाच्या अंगात किती रक्त असतं त्याचा अंदाज प्रत्यक्षाच्या जवळजवळ दुप्पट धरला होता, म्हणजे गणितच चुकलेलं. पण भोंदू म्हणता येणार नाही, कारण स्वतःला ताप आला तेव्हा त्याने स्वतःचंही रक्त काढून घेतलं, आणि बाकीचे पैसेवाले गाव सोडून पळाले तेव्हा हा गल्लीबोळात रोगी बघत फिरत होता. कॉबेट नावाच्या पेपरवाल्याने त्याला खुनी ठरवून इतकं झोडपलं की रशने बदनामीचा खटला घातला आणि ५,००० डॉलर जिंकले. निकालाची तारीख १४ डिसेंबर १७९९. हो, तीच.

ती लोकं आंघोळ करायची का? सासऱ्यांशी पैज लागलीय. (डोंबिवली)

सासरे 'नाही' म्हणत असतील तर बऱ्यापैकी जिंकले. एलिझाबेथ ड्रिंकर म्हणून फिलाडेल्फियातल्या खात्यापित्या क्वेकर (हा एक ख्रिस्ती पंथ) घरातल्या बाई, वर्षानुवर्षं डायरी लिहायच्या. १७९९ च्या उन्हाळ्यात घराच्या अंगणातल्या शॉवरखाली त्या पहिल्यांदा उभ्या राहिल्या आणि डायरीत लिहिलं की वाटलं होतं त्यापेक्षा बरं सहन झालं, कारण गेली २८ वर्षं आपण सगळं अंग एका वेळी भिजवलेलं नव्हतं. अठ्ठावीस! आणि त्या काही घाणेरड्या बाई नव्हत्या, शहरातल्या चांगल्यात चांगल्या घरातल्या होत्या.

स्वच्छतेची कल्पनाच वेगळी होती. अंगाला चिकटून तागाचा पांढरा शर्ट किंवा झगा घालायचा, तो मळ-घाम शोषून घेतो, तो बदलला की माणूस स्वच्छ. तोंड, हात, पाय धुवायचे तेवढं पाणी पुरे. सगळं अंग गरम पाण्यात घातलं तर कातडीची भोकं उघडतात आणि रोग आत शिरतो अशी भीती. गंमत म्हणजे ज्यांना हे लोक रानटी म्हणायचे ते तिथले मूळ रहिवासी नदीत नेमाने डुबक्या मारायचे, घाम काढायच्या झोपड्या बांधायचे, आणि डास चावू नयेत म्हणून अंगाला अस्वलाची चरबी लावायचे. त्या चरबीच्या वासाबद्दल गोरे तक्रार करायचे. स्वतःच्या वासाबद्दल कुणी लिहिलेलं फारसं सापडत नाही.

बेंजामिन फ्रँकलिनची मात्र तऱ्हाच निराळी. त्याने १७६८ मध्ये एका फ्रेंच डॉक्टर मित्राला कळवलंय की मी रोज सकाळी लवकर उठून अर्धा-एक तास खोलीत काहीही न घालता बसतो, वाचतो, लिहितो. हवेची आंघोळ! सप्टेंबर १७७६ मध्ये तो आणि जॉन अॅडम्स इंग्रजांशी बोलणी करायला निघाले होते, न्यू ब्रन्सविकच्या खानावळीत गर्दी, दोघांना मिळून एक चिंचोळी खोली, एक पलंग, एक खिडकी. अॅडम्सने थंडी बाधेल म्हणून खिडकी लावली. फ्रँकलिन म्हणाला उघड, गुदमरून मरू, सर्दी थंड हवेने होतच नाही, एकमेकांच्या उच्छ्वासाने होते. आणि मग पलंगावर पडून त्याने त्यावर जे व्याख्यान सुरू केलं ते ऐकता ऐकता अॅडम्सला झोप लागली. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या करून महिना-दीड महिना झालेला आणि ही भांडणं. फ्रँकलिन बरोबर होता, बरं का.

मी नर्स आहे. देवीची लस जेन्नरने काढली असं शिकलो, पण अमेरिकेत त्याच्या आधीच टोचत होते असं ऐकलं. (मिरज)

बरोबर ऐकलंत. जेन्नरची गाईच्या देवीची लस १७९६ ची, ती पुढे बगदाद-बसरामार्गे आपल्या मुंबईत पोचली आणि १४ जून १८०२ ला अॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचली, हिंदुस्थानातली पहिली. त्याच्या आधीची पद्धत वेगळी होती, खुद्द देवीच्या फोडातला पू घेऊन निरोग्याच्या कातडीत घालायचा. देवी यायच्या, पण बहुधा सौम्य. ही पद्धत आपल्याकडे होती, तुर्कस्तानात होती, आफ्रिकेत होती. बॉस्टनच्या गोऱ्यांना माहीत नव्हती.

त्यांना ती कळली एका गुलामाकडून. कॉटन मॅदर म्हणजे बॉस्टनचा बडा धर्मगुरू, त्याच्या चर्चच्या मंडळींनी १७०६ मध्ये त्याला एक माणूस भेट दिला (हो, भेट). मॅदरने त्याचं नाव ठेवलं ओनेसिमस. त्याला विचारलं तुला देवी आल्यात का, तर तो म्हणाला हो आणि नाही, आणि लहानपणी आफ्रिकेत टोचलेला दंडावरचा वण दाखवला. मॅदरने गावातल्या बाकीच्या आफ्रिकन लोकांना विचारलं, सगळ्यांनी तेच सांगितलं. १७२१ मध्ये साथ आली तेव्हा त्याने डॉक्टरांना पत्रं धाडली, एकच तयार झाला, झॅब्डिएल बॉयल्स्टन. त्याने २६ जूनला सुरुवात केली ती आपल्या सहा वर्षांच्या पोरापासून, आणि घरातल्या एका गुलामापासून आणि त्याच्या अडीच वर्षांच्या मुलापासून. पोटच्या पोराला टोचलं याला हिंमत लागते हे खरं, पण बाकी दोघांना कुणी विचारलं असेल असं मला वाटत नाही.

गाव खवळलं. देवाने पाठवलेला रोग माणसाने मुद्दाम लावायचा म्हणजे पाप, आणि वर गुलामांच्या थापांवर विश्वास ठेवायचा! नोव्हेंबरमध्ये मॅदरच्या घराच्या खिडकीतून कुणीतरी पेटता बॉम्ब फेकला, नशीब की फुटला नाही. शेवटी आकडे बोलले. नैसर्गिक देवी आलेल्या सुमारे ५,८०० लोकांतले ८४४ गेले, म्हणजे सातात एक. टोचलेल्या साधारण २४० पैकी ६. तुम्ही रोज आकडे बघता, तुम्हाला वेगळं सांगायला नको.

विरोधकांचा अड्डा कुठे होता माहितीय? फ्रँकलिनच्या थोरल्या भावाच्या पेपरात, जिथे पोरसवदा बेंजामिन छपाईची उमेदवारी करत होता. १७३६ मध्ये त्याचा स्वतःचा चार वर्षांचा मुलगा फ्रँकी देवीने गेला, न टोचलेला. आत्मचरित्रात त्याने लिहिलंय की त्याची हळहळ मला अजून आहे, आणि आईबापांनी वाचावं म्हणून हे लिहितोय. १७७७ मध्ये वॉशिंग्टनने अख्ख्या सैन्याला टोचायचा हुकूम काढला. त्याला स्वतःला १९ व्या वर्षी बार्बाडोसमध्ये देवी येऊन गेल्या होत्या, काय असतं ते ठाऊक होतं.

सेलममध्ये चेटकिणी ओळखायचे म्हणजे नक्की काय बघायचे? (नागपूर)

अंग. सरळ कपडे उतरवून अंग. समजूत अशी की सैतानाचं पिल्लू चेटकिणीचं दूध पितं, त्यासाठी तिच्या अंगावर कुठेतरी चामखिळीसारखा जादा मांसाचा तुकडा असतो आणि तिथे सुई टोचली तरी दुखत नाही. सेलम हे मॅसॅच्युसेट्समधलं गाव, तिथे चेटकिणींचे खटले चालले. २ जून १६९२ ला सकाळी नऊ बायका आणि एक सर्जन यांच्या पंचांनी काही आरोपी बायकांना तपासलं. तिघींच्या नाजूक जागी 'अनैसर्गिक मांस' सापडलं असा रिपोर्ट दिला. दुपारी पुन्हा तपासलं तर ते गायब! आता साध्या माणसाला वाटेल की सकाळीच चूक झाली असेल. कोर्टाला तसं वाटलं नाही.

त्यातल्या एक रिबेका नर्स, वय ७१, आठ पोरांची आई, कानाने कमी ऐकू यायचं. त्यांनी कोर्टाला अर्ज केला तो वाचताना मला फार राग येतो. त्यांचं म्हणणं असं की तपासणाऱ्या बायकांत जी सगळ्यात वयस्कर आणि जाणकार होती तिचं मत बाकीच्यांपेक्षा वेगळं पडलं, तिला हे निसर्गानेच झालेलं दिसलं, आणि माझ्या अवघड बाळंतपणांमुळे मला हा त्रास आहे हे मी त्याच वेळी सांगितलं होतं, तेव्हा दुसऱ्या जाणत्या बायका बोलावून पुन्हा तपासा. म्हणजे आठ बाळंतपणं झालेल्या बाईचं शरीर जसं असतं तसं होतं, तेच पुरावा म्हणून पुढे केलं. खटल्याच्या ज्युरीने आधी निर्दोष म्हटलं होतं, मग न्यायाधीशांनी पुन्हा विचार करायला लावल्यावर फिरवलं. १९ जुलैला फाशी. एकूण १९ जणांना फाशी झाली आणि जाइल्स कोरी म्हणून एक ८० च्या घरातला म्हातारा दगडांखाली चिरडून मेला, कारण तो आरोपावर उत्तरच द्यायला तयार नव्हता.

आपल्याकडे तृतीयपंथीयांना समाजात जागा होती, पाश्चात्त्यांकडे नव्हतीच, हे विधान बरोबर का? (एम.ए.ची विद्यार्थिनी, पुणे)

एवढी मोठी विधानं परीक्षेत लिहू नकोस गं. त्यापेक्षा एक केस देते, टॉमस किंवा टॉमसिन हॉल, व्हर्जिनिया, १६२९.

इंग्लंडात मुलगी म्हणून बाप्तिस्मा झाला, नाव टॉमसिन. बाराव्या वर्षी लंडनला मावशी-आत्यापैकी कुणाकडे तरी राहायला. भाऊ सैन्यात गेला तसे हॉलनेही केस कापले, पुरुषाचे कपडे घातले आणि फ्रान्सच्या मोहिमेवर सैनिक म्हणून जाऊन आला. आल्यावर परत झगा घालून लेस विणायचं काम. मग पुन्हा पुरुषाचे कपडे करून व्हर्जिनियाला नोकर म्हणून. तिथे गावात कुजबुज सुरू झाली की हा बाप्या की बाई, कारण नोकराने तंबाखूच्या शेतात राबायचं की घरात शिवण करायचं, कुणाशेजारी झोपायचं, सगळं त्यावर अवलंबून. गावच्या बायकांनी जबरदस्तीने तपासलं, झोपेत असताना सुद्धा तपासलं, आणि ठरवलं की पुरुष. गावच्या कॅप्टनने मात्र थेट हॉललाच विचारलं, उत्तर आलं 'दोन्ही'. तर त्याने बायकी कपडे घालायला लावले. बायकांना ते मान्य नाही, पुन्हा तपासणी. गावातल्या एकेकाला वाटायचं की हे ठरवायचा हक्क आपलाच.

जेम्सटाउनच्या वरच्या कोर्टात गेलं प्रकरण. गव्हर्नरने निकाल दिला की हॉल पुरुषही आहे आणि स्त्रीही, आणि हे सगळ्या वस्तीत जाहीर करा. इथपर्यंत वाचून वाटतं वा, काय पुढारलेले. पण पुढचा हुकूम असा, की हॉलने पुरुषाचे कपडे घालायचे आणि डोक्याला बायकांची टोपी बांधायची, पुढे बायकांचा एप्रन लावायचा. हॉल आयुष्यभर कपडे बदलून कधी हे कधी ते होऊन जगत होता, नेमकी तीच मुभा गेली. आता रस्त्यावरून जाताना पोरंसोरं सुद्धा ओळखणार. मान्यता आणि शिक्षा एकाच वाक्यात. तुझ्या पेपरात हे लिही, मार्क पडतील.

राजे, अध्यक्ष, डॉक्टर सोडून साध्या माणसांची शरीरं कशी होती हे कळायला काही साधन आहे का? (निवृत्त शिक्षक, सांगली)

सर, आहे, आणि ते वाईट साधन आहे. पळालेल्या गुलामांच्या जाहिराती. त्या काळच्या पेपरात ढिगाने सापडतात, आणि माणूस पकडता यावा म्हणून मालक जे बारकाईने लिहितो तसं त्या काळात साध्या माणसाबद्दल दुसरं कुणी लिहीत नाही. उंची, रंग, चाल, पडलेले दात, देवीचे वण, पाठीवरच्या चाबकाच्या खुणा, डाग दिलेली अक्षरं, बोलताना अडखळतो का, मान खाली घालतो का. मालक स्वतःच्या हाताने स्वतःविरुद्ध साक्ष देतोय हे त्याच्या गावीही नसतं.

एक नमुना देते. सप्टेंबर १७६९, व्हर्जिनिया गॅझेट. पळालाय सँडी, वय ३५ च्या आसपास, ठेंगणा, अंगाने जरा सुटलेला, रंग उजळ. धंदा चांभाराचा, काम मुख्यतः डाव्या हाताने करतो. जाडंभरडं सुतारकाम येतं, घोड्यांचा नाद आहे. दारू फार पितो, प्यायला की उर्मट होतो. सोबत पांढरा घोडा नेलाय आणि चांभारकीची हत्यारं. जिल्ह्यातच सापडला तर ४० शिलिंग, वसाहतीत दुसरीकडे ४ पौंड, बाहेरच्या वसाहतीत १० पौंड. खाली सही, थॉमस जेफरसन. वय २६. सात वर्षांनी याच माणसाने स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात 'सगळी माणसं समान जन्मली' हे वाक्य लिहिलं. सँडी सापडला, आणि १७७३ मध्ये जेफरसनने त्याला १०० पौंडांना विकला.

डावखुरा होता, हत्यारं घेऊन निघाला होता, म्हणजे कुठेतरी जाऊन धंदा करायचा विचार होता, हे आपल्याला केवळ या जाहिरातीमुळे कळतं.

सर, तुम्ही कायद्याबद्दलही विचारलंय तर थोडक्यात. १६५६ मध्ये एलिझाबेथ की नावाच्या बाईने व्हर्जिनियात दावा जिंकला होता, आई गुलाम पण बाप इंग्रज, आणि इंग्रजी कायद्यात मूल बापाच्या दर्जाचं, म्हणून मी मोकळी. सहाच वर्षांत, १६६२ ला, कायदा बदलला की मूल आईच्या दर्जाचं. बापाच्या नावावर चालणाऱ्या समाजाने एवढ्या एका बाबतीत आईचं नाव लावायचं ठरवलं, कारण त्यामुळे गुलाम बाईच्या पोटी येणारं प्रत्येक मूल, बाप खुद्द मालक असला तरी, मालकाच्या मालमत्तेत जमा. चित भी मेरी पट भी मेरी.

फर्स्ट इयर एमबीबीएसला आहे, अॅनाटॉमी चालू आहे. तेव्हा बॉडीज कुठून आणायचे? (छत्रपती संभाजीनगर)

चोरायचे. आज जे लोक देहदान करतात त्यांच्यामुळे तू शिकतोयस, तेव्हा असलं काही नव्हतं. न्यूयॉर्कमध्ये विद्यार्थी रात्री स्मशानात जाऊन ताजी थडगी उकरायचे, आणि बहुतेक वेळा काळ्या लोकांच्या स्मशानात, कारण तिथे बोभाटा झाला तरी कुणी विचारत नाही. फेब्रुवारी १७८८ मध्ये शहरातल्या मुक्त आणि गुलाम काळ्या लोकांनी नगरपालिकेला रीतसर अर्ज दिला, की रात्रीच्या अंधारात आमच्या माणसांना उकरून नेतात, निदान सभ्यपणे तरी वागा. त्या अर्जात शिकणं बंद करा अशी मागणीही नव्हती. कुणी दखल घेतली नाही.

मग एका गोऱ्या चर्चच्या आवारातून गोऱ्या बाईचं प्रेत गेल्याची बातमी फुटली आणि एप्रिलमध्ये दंगल पेटली. असं सांगतात की हॉस्पिटलच्या खिडकीतून डोकावणाऱ्या पोराला एका विद्यार्थ्याने कापलेला हात हलवून दाखवला आणि ठिणगी पडली. जमाव आत घुसला, हाडं-सांगाडे रस्त्यावर आणले, डॉक्टरांना जीव वाचवायला तुरुंगात ठेवावं लागलं. मध्यस्थी करायला गेलेल्या जॉन जेच्या, म्हणजे पुढे जो देशाचा पहिला सरन्यायाधीश झाला त्याच्या डोक्यात दगड बसला. सेनापती फॉन श्टॉयबेन गोळीबार करू नका म्हणत होता, त्यालाच वीट लागली. शेवटी शिपायांनी गोळ्या चालवल्या, माणसं मेली. पुढच्या वर्षी कायदा झाला की थडगी उकरणं गुन्हा, आणि फाशी गेलेल्यांची प्रेतं डॉक्टरांना.

ते काळ्या लोकांचं स्मशान पुढे मातीखाली जाऊन त्यावर मॅनहॅटनच्या इमारती उठल्या. १९९१ मध्ये सरकारी ऑफिससाठी खोदताना पुन्हा सापडलं. ४१९ जणांचे अवशेष काढले, अभ्यास झाला, २००३ मध्ये परत तिथेच पुरले. तिथे एकूण १५,००० च्या वर माणसं पुरली असावीत असा अंदाज आहे. न्यूयॉर्कला गेलास तर स्मारक आहे, वॉल स्ट्रीटपासून चालत जाता येतं.

अमेरिकन लोक पहिल्यापासूनच धिप्पाड का? (एका वाचकाचा एका ओळीचा मेल, गाव लिहिलेलं नाही)

हो, बऱ्यापैकी. स्वातंत्र्ययुद्धातले अमेरिकेत जन्मलेले सैनिक सरासरी १७३ सेंटीमीटर भरतात, समोरच्या इंग्रज सैनिकांपेक्षा सुमारे ५ सेंटीमीटर जास्त. जमीन मुबलक, दूध-मांस भरपूर, वस्ती विरळ म्हणून साथी कमी.

आणि फ्रान्सचे पंडित मात्र तेव्हा छातीठोकपणे लिहीत होते की अमेरिकेची हवा दमट, तिथे प्राणी खुरटतात आणि माणूसही खुजा होतो. बुफाँ हा त्यातला मोठा. जेफरसनला इतकं लागलं की त्याने न्यू हॅम्पशायरहून प्रचंड मूस हरणाचा सांगाडा पॅरिसला मागवून बुफाँकडे पाठवला. फ्रँकलिनने स्वस्तात काम केलं. पॅरिसजवळ त्याच्या घरी जेवणाला अर्धे अमेरिकन, अर्धे फ्रेंच, आणि याच मताचा एक पाद्री, आबे रेनाल, जेवता जेवता तेच पुराण लावून बसला. फ्रँकलिनने बघितलं की योगायोगाने एका बाजूला सगळे अमेरिकन आणि समोर सगळे फ्रेंच बसलेत. म्हणाला, मंडळी, दोन्ही बाजूंनी उभं राहा बरं जरा. अमेरिकन उभे राहिले ते एकजात ताडमाड, आणि समोरचे फ्रेंच सगळे बुटके, त्यात आबे महाशय तर कोळंबीएवढे. हा कोळंबीचा शब्द जेफरसनचा आहे, माझा नाही, फ्रेंच वाचकांनी मला मेल करू नयेत.